पावसाळ्यातील मुंबई : पाहुण्या विद्यार्थ्यांसाठी

बंदराचे शहर पाहावयाचे तर ते उघडीप असताना, अशी सर्वसाधारण समजूत आहे, आणि ती अगदीच निराधार नाही. समुद्र शांत असावा, होड्या चालू असाव्यात, रस्ते कोरडे असावेत, हे कोणास नको आहे? परंतु जयसिंगपूर, शिरोळ, कुरुंदवाड या बाजूच्या मुलांचे मुंबईस जाणे त्यांच्या सोयीने क्वचितच होते. गणपतीची सुट्टी पावसात येते. आत्याच्या घरचे बारसे श्रावणात निघते. आणि घरातील एखाद्या वडीलधाऱ्या मनुष्यास परळच्या टाटा रुग्णालयात न्यावयाचे झाल्यास ऋतू पाहून कोणी निघत नाही. हे रुग्णालय इ. स. १९४१ मध्ये सुरू झाले. तेव्हापासून आपल्या भागातील किती कुटुंबांनी त्याच्या दारी पावसाळे काढले असतील याची गणती नाही.

आजोबांच्या उपचारासाठी आईवडिलांबरोबर गेलेला आमचा एक विद्यार्थी नातेवाइकांच्या खोलीत बारा दिवस राहून आला. त्यास मुंबईविषयी निबंध लिहावयास सांगितले असता त्याने एकच वाक्य लिहिले : 'पाऊस असल्यामुळे काही पाहता आले नाही.' त्या मुलास आम्ही दोष देत नाही. दहा फूट लांब व दहा फूट रुंद खोली, मोठी माणसे चिंतेत, खिडकीबाहेर पडणारी धार. अशा वेळी काय पाहावे हे त्यास कोणी सांगितलेच नव्हते. म्हणून प्रस्तुत लेख. तो विद्यार्थ्यांसाठी आहे, तसाच त्यांस बरोबर नेणाऱ्या पालकांसाठीही आहे.

प्रथम पाऊस म्हणजे किती, याचा अंदाज घेऊ. आपले गाव मुळी कमी पावसाचे. शिरोळ तालुक्यात वर्षाकाठी पाचसहाशे मिलिमीटर पाऊस झाला म्हणजे आपण समाधानी असतो. मुंबईत सरासरी बावीसशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, आणि तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चारच महिन्यांत. समुद्रावरून आलेले वारे सह्याद्रीस अडून वर चढतात, थंड होतात व आपला बोजा तेथेच टाकतात. आपल्याच जिल्ह्यातील गगनबावड्यास मुंबईच्या दुपटीहून अधिक पाऊस होतो, तो यामुळेच. घाट उतरून पूर्वेस येईतो ढगांत फारसे उरत नाही. तरीही आपल्याकडे पूर येतो! इ. स. २००५, २०१९ व २०२१ या वर्षांतील महापूर लहानथोर सर्वांस ठाऊक आहेत. ते पाणी आपल्या आकाशातून पडलेले नव्हते, पश्चिमेस डोंगरात पडून कृष्णा व पंचगंगा यांच्या वाटेने नृसिंहवाडीस आलेले होते. मुंबईचे तसे नाही. तेथे पाऊस डोक्यावर पडतो, आणि त्याचे पाणी जावयाचे तर समुद्रात. परंतु समुद्र ते घेण्यास सदैव तयार असतोच असे नाही. मुंबईतील पावसाळी दिवसाचे सारे मर्म या एका गोष्टीत आहे, यास्तव ती थोडी विस्ताराने सांगतो.

समुद्राचे पाणी दिवसातून दोनदा चढते व दोनदा उतरते. एका भरतीपासून दुसरीपर्यंत सुमारे बारा तास पंचवीस मिनिटे जातात. म्हणजे सोमवारी दुपारी बारा वाजता भरती आली, तर पुढील भरती मध्यरात्रीनंतर पंचवीस मिनिटांनी, आणि मंगळवारची दुपारची भरती बारा वाजून पन्नास मिनिटांनी. चंद्र दररोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, त्याच्याशी हा हिशेब जुळतो. समुद्र चंद्राच्या ओढीने चालतो याचा घरबसल्या मिळणारा हा पुरावा होय. अमावास्या व पौर्णिमा यांच्या सुमारास सूर्य व चंद्र यांची ओढ एका रेषेत येऊन मोठी भरती येते, तिला कोळी लोक उधाण म्हणतात. अशा दिवशी मुंबईच्या बंदरात पाणी साडेचार मीटरांच्या वर आणि क्वचित पाच मीटरांच्या जवळ जाते. पावसाळ्यातील अशा दिवसांची यादी महानगरपालिका दरवर्षी आगाऊ प्रसिद्ध करते, व वर्तमानपत्रांत भरती-ओहोटीच्या वेळा छापून येतात.

आता शहराची जुनी गटारे पाहा. ती ब्रिटिश अमदानीत बांधलेली, आणि ताशी पंचवीस मिलिमीटर पाऊस वाहून न्यावा एवढ्याच मापाची. त्यांपैकी अनेकांची तोंडे भरतीच्या पातळीखाली आहेत. ओहोटी असता जोराचा पाऊस पडला तर पाणी जाते; भरतीच्या वेळी पडला तर समुद्रच उलट आत येऊ पाहतो, आणि रस्त्यावरील पाणी रस्त्यावरच राहते. हाजी अली, लव्हग्रोव्ह, इर्ला अशा ठिकाणी मोठे पंप बसवून ते पाणी उपसून समुद्रात टाकण्याची व्यवस्था अलीकडे केलेली आहे. तथापि सकाळी घराबाहेर पडण्यापूर्वी दोन आकडे पाहावेत : वेधशाळेचा पावसाचा इशारा आणि भरतीची वेळ. दोन्ही एकाच प्रहरात येत असतील, तर त्या प्रहरी घरीच राहावे. मामा-काकांना हे आकडे ठाऊक नसले तर पाहुण्याने त्यांस सांगावेत. ते रागावणार नाहीत.

पावसाच्या मोजमापाविषयीही एक गोष्ट ध्यानात धरावी. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. ता. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. वर सांगितलेली दहा फूट लांबीरुंदीची खोली घ्या. तिचे क्षेत्रफळ ९.२९ चौरस मीटर. तिच्या छपरावर त्या एका दिवसात किती पाणी पडले असेल? सुमारे पावणेनऊ हजार लिटर. त्या दुपारी भरतीचीही वेळ होती. मिठी नदीने काठ सोडले, गाड्या बंद पडल्या, सहस्रावधी माणसे रात्रभर पाण्यातून चालत राहिली, आणि मुंबईत चारशेंहून अधिक लोक प्राणास मुकले. याच चोवीस तासांत, तेथून वीस-पंचवीस किलोमीटर दूर असलेल्या कुलाब्यास केवळ ७४ मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला. 'मुंबईत पाऊस पडतो आहे' हे वाक्य भूगोलाच्या दृष्टीने किती अपुरे आहे, हे यावरून दिसेल.

ज्या कुलाबा वेधशाळेच्या नोंदीमुळे ही तुलना करता येते, ती इ. स. १८२६ मध्ये स्थापन झाली. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर यांचा तिच्याशी संबंध होता, आणि गणितज्ञ केरो लक्ष्मण छत्रे यांनी तरुणपणी तेथे काम केले. पृथ्वीच्या चुंबकत्वाचे मोजमापही येथे होत असे. पण शहरात विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरल्यावर त्यांच्या विद्युतप्रवाहाने चुंबकसूची विचलित होईल म्हणून ते काम इ. स. १९०४ मध्ये अलिबागेस हलविण्यात आले. पुढे ट्रामही इ. स. १९६४ मध्ये बंद पडल्या. अलिबागेचे मोजमाप मात्र चालू आहे.

समुद्राकडे वळतो, कारण प्रत्येक मुलाची पहिली मागणी 'समुद्र दाखवा' हीच असते. दाखवावा, पण दुरून. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर आदळून रस्त्यावर येणारी लाट फार मनोहर दिसते, आणि दरवर्षी अशीच एखादी लाट कोणाचा तरी मुलगा ओढून नेते. वांद्र्याच्या खडकांवरही असे अपघात वारंवार झालेले आहेत. आपली मुले कृष्णेत पोहणारी. त्यांना पाण्याची भीती नसते, हीच आम्हांस भीती वाटते. नदी एका दिशेने ओढते. समुद्राची लाट परत फिरताना पायांखालची वाळूही घेऊन जाते. पोहता येणाऱ्या मुलाच्या पालकांनी याविषयी अधिक सावध असावे.

जून-जुलैत बंदरावर गेल्यास एक गोष्ट दिसेल : यांत्रिक मासेमारी होड्या धक्क्यास बांधलेल्या. पश्चिम किनाऱ्यावर सामान्यतः ता. १ जून ते ३१ जुलै या काळात त्यांस समुद्रात जाण्यास बंदी असते. हा माशांच्या विणीचा काळ, आणि हवाही धोक्याची. इ. स. १८७५ मध्ये बांधलेल्या ससून गोदीत एरवी पहाटेपासून जो गलबला असतो तो या दिवसांत नसतो. जाळी दुरुस्त करणारी माणसे मात्र सापडतात. त्यांच्याशी नम्रपणे बोलावे. नारळी पौर्णिमेस समुद्रास नारळ देण्याची कोळ्यांची चाल या बंदीच्या कायद्याहून फार जुनी आहे.

गेटवेवरून मांडव्यास जाणाऱ्या लहान बोटी पावसाळ्यात बंद असतात, आणि घारापुरीची वाटही हवेच्या लहरीवर अवलंबून असते, म्हणून ती लेणी या ऋतूत पाहण्याचा हट्ट करू नये. अशा हट्टाची किंमत मुंबईने पाहिली आहे. ता. १७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्य एका महिन्यावर आले असता, 'रामदास' नावाची आगबोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. आषाढी अमावास्येच्या सणासाठी घरी जाणाऱ्यांची तीवर गर्दी होती. वादळी हवेत बोट कलंडली आणि सहाशेंहून अधिक लोक बुडाले. कुलाबा जिल्ह्यातील किती गावांत त्या रात्री दिवा लागला नसेल! भाऊच्या धक्क्यावर गेलात तर हे आठवावे. तेथून आता मांडव्यास मोटारी व माणसे नेणारे मोठे जहाज जाते. ही सोय इ. स. २०२० मधील आहे.

आता छपराखालच्या गोष्टी. आमच्या मते पहिला दिवस भायखळ्यास द्यावा. जिजामाता उद्यानालगत डॉ. भाऊ दाजी लाड वस्तुसंग्रहालय आहे. ते इ. स. १८७२ मध्ये लोकांस खुले झाले, तेव्हा त्यास राणी व्हिक्टोरिया व तिचे पती अल्बर्ट यांचे नाव होते, इ. स. १९७५ मध्ये सध्याचे नाव दिले गेले. भाऊ दाजी हे ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतील डॉक्टर. दिवसा रोगी तपासावेत आणि उरलेल्या वेळी जुने शिलालेख वाचावेत, असा त्यांचा क्रम. संग्रहालयासाठी वर्गणी जमविण्यात त्यांचा व जगन्नाथ शंकरशेट यांचा मोठा वाटा होता. आत मुंबईच्या निरनिराळ्या जातीजमातींच्या व धंदेवाल्यांच्या मातीच्या लहान मूर्ती आहेत. मुले येथे तासभर सहज रमतात, आणि पालकांनाही आपल्या आजोबांच्या वेळची पागोटी ओळखता येतात.

परंतु खरा अभ्यासाचा विषय म्हणजे शहराचे जुने नकाशे. मुंबई ही मूळची सात बेटे. त्यांच्यामधील खाड्या व दलदली यांतून भरतीचे पाणी आत शिरत असे. महालक्ष्मीजवळचे मोठे खिंडार अठराव्या शतकाच्या अखेरीस बांध घालून बुजविले गेले. त्यासच हॉर्नबी वेलार्ड म्हणत. पुढे भर घालीत घालीत जमीन एक झाली. नकाशा मनात ठेवून मग विचारावे की आज पाणी कोठे तुंबते? पुष्कळ वेळा उत्तर येते : जेथे पूर्वी खाडी किंवा सखल खाजण होते तेथेच. आपले जयसिंगपूर शाहू महाराजांनी मोकळ्या माळावर आखून वसविले, म्हणून आपल्या गल्ल्या सरळ आहेत व त्यांस क्रमांक आहेत. मुंबईस असे आखून घेणारा कोणी नव्हता. तिचा रस्ता वाकडा दिसला तर तेथे कधी काळी पाण्याचा काठ असावा, असा तर्क करावयास हरकत नाही.

संग्रहालयाच्या आवारात एक दगडी हत्ती उभा आहे. पोर्तुगीजांनी घारापुरीस 'एलिफंटा' हे नाव ज्याच्यामुळे दिले, तोच हा. इ. स. १८६४ मध्ये त्यास इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला. उचलताना तो पडून त्याचे तुकडे झाले, आणि म्हणून तो येथेच राहिला. इ. स. १९१४ मध्ये ते तुकडे पुन्हा जोडण्यात आले. सांधे अजून दिसतात, ते मुलांस शोधावयास सांगावे. हे संग्रहालय बुधवारी बंद असते. पावसात जाऊन दार बंद सापडणे हे फार वाईट, म्हणून आधी चौकशी करावी.

दुसरा दिवस फोर्टमधील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयास. इ. स. १९०५ मध्ये त्याची कोनशिला बसली, इमारत १९१४ मध्ये पूर्ण झाली, पण महायुद्धामुळे तेथे रुग्णालय आले, आणि संग्रहालय म्हणून दारे उघडली ती १९२२ मध्ये. येथे सर्व काही पाहण्याचा आग्रह धरू नये. पाय दुखू लागले म्हणजे मुले सम्राट आणि कुंभार यांत भेद करीत नाहीत. आम्ही सोपाऱ्याच्या वस्तू सुचवितो. आजचे नालासोपारा हे दोन हजार वर्षांपूर्वीचे मोठे बंदर. तेथे सम्राट अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे मिळाले आहेत. सोपारा, कल्याण, चौल या बंदरांतून परदेशी माल घाट चढून देशावर येत असे. तो किती दूर येई? आपल्या कोल्हापुरापर्यंत! ब्रह्मपुरीच्या टेकडीवर इ. स. १९४० नंतरच्या दशकात ज्या वस्तू सापडल्या, त्यांत ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन याची छोटी काशाची मूर्ती आहे, व ती कोल्हापूरच्या टाउन हॉलमधील संग्रहालयात ठेवलेली आहे. समुद्र न पाहिलेल्या गावी समुद्राचा देव येऊन राहिला! मुंबईस जाण्यापूर्वी कोल्हापूरची ही मूर्ती पाहून जावे, म्हणजे सोपाऱ्याच्या काचपेटीपुढे उभे राहिल्यावर दोन टोके जुळतील.

वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र इ. स. १९८५ पासून आहे; यंत्रे स्वतः हाताळून पाहण्याची तेथे मुभा असल्यामुळे लहान मुलांस ते अधिक आवडते. त्याविषयी अधिक लिहीत नाही, तेथे मुलांस काही सांगावेच लागत नाही.

पाऊस थोडा कमी असेल तर छत्री घेऊन इमारतींकडे पाहत हिंडावे. रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसने निघून सकाळी आपण ज्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरतो, ती इमारत इ. स. १८८८ मध्ये पूर्ण झाली. तिचे शिल्पकार फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. सामान सांभाळण्याच्या गडबडीत तिच्याकडे मान वर करून कोणी पाहत नाही. पावसात पाहावे. भिंतींतून बाहेर झेपावलेली प्राण्यांची दगडी मुखे दिसतील. छपराचे पाणी भिंतीवरून न ओघळता दूर पडावे, यासाठी युरोपातील जुन्या मंदिरांवर अशी मुखे बसवीत. त्याचे हे अनुकरण. आणि आपल्या तालुक्यातील खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर आठवा : तेथील स्वर्गमंडपास मधोमध छप्परच नाही, वर वर्तुळाकार आकाश मोकळे आहे, आणि पाऊस सरळ आत येतो. एका कारागिराने पाणी दूर फेकण्याची युक्ती केली, दुसऱ्याने त्यास आत बोलावले. दोन्ही इमारती पावसात पाहिलेला मनुष्य आमच्या माहितीत क्वचितच आहे. स्थानकासमोरच्या दादाभाई नौरोजी रस्त्यावर इमारतींच्या खालून कमानींची झाकलेली वाट गेली आहे. तिच्यातून चालल्यास बराच रस्ता न भिजता पार पडतो.

पाण्यातून चालण्याविषयी मात्र कळकळीने सांगतो. तुंबलेल्या पाण्याखाली गटाराचे उघडे झाकण असू शकते, इ. स. २०१७ च्या ऑगस्टमध्ये एक नामांकित डॉक्टर असेच प्राणास मुकले. शिवाय पायास जखम असता त्या पाण्यातून गेल्यास लेप्टोस्पायरोसिस नावाचा ताप होण्याचा संभव असतो. २००५ च्या पुरानंतर तो फार पसरला होता.

आणि ज्या दिवशी बाहेर पडताच येत नाही, तो दिवस? तो वाया जातो असे आम्ही मानीत नाही. सरळ बाजूंची बाटली कापून, तिचे तोंड उलटे बसवून पर्जन्यमापक करावा व गॅलरीत मोकळ्या आकाशाखाली ठेवावा. सकाळी साडेआठ वाजता मोजावे, कारण वेधशाळाही त्याच वेळी मोजते. वर्तमानपत्रात मुंबईस पाणी पुरविणाऱ्या सात तलावांची पातळी येते, ती उतरून घ्यावी. त्यांपैकी विहार हा सर्वांत जुना, इ. स. १८६० च्या सुमाराचा. तो व तुळशी हे दोनच शहराच्या हद्दीत आहेत, बाकीचे पाणी दूरच्या डोंगरांतून येते.

याहूनही मोलाची गोष्ट त्या खोलीतच असते. लालबाग, परळ, डिलाईल रोड या भागांत आपल्या जिल्ह्यातून, साताऱ्यातून, कोकणातून गेलेली माणसे गिरण्यांत कामास होती. ता. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर त्या गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, आणि त्यांच्या जागी आता उंच इमारती आहेत. साच्यावर उभा राहून काम केलेला मनुष्य आज वृद्ध झाला आहे. तो तुमचा आजोबा, चुलत आजोबा किंवा शेजारी असेल. बाहेर धो धो पाऊस पडत असता त्याच्याजवळ बसून विचारावे : आजोबा, तुम्ही पहिल्यांदा मुंबईस कोणत्या साली आलात? कोणत्या गाडीने? एका खोलीत किती जण राहत होता? भोंगा किती वाजता होई? तो सांगेल. हा इतिहास कोणत्याही काचपेटीत मिळत नाही, आणि सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. ज्या मुलाचे आजोबा रुग्णालयाच्या खाटेवर आहेत, त्यानेही विचारावे; भेटीच्या वेळेत दुखण्याखेरीज दुसरे काही बोलावयास मिळाले तर रोग्यासही बरे वाटते, असा आमचा अनुभव आहे.

यंदाच्या पावसाळ्यात जे विद्यार्थी मुंबईस जातील त्यांनी एक लहान वही बरोबर न्यावी. तीत तारीख, पावसाचे मिलिमीटर, भरतीची वेळ व उंची, आणि त्या दिवशी काय पाहिले अथवा ऐकले, असे रकाने आखावेत. येथे राहणाऱ्यांनीही त्याच तारखांस जयसिंगपूरचा पाऊस मोजून ठेवावा, म्हणजे दोन्ही आकडे शेजारी मांडता येतील. वह्या गणपतीच्या सुट्टीनंतर भूगोलाच्या खोलीत आणून द्याव्यात. त्यांतील निवडक भाग पुढील अंकात छापण्याचा विचार आहे. वहीवर नाव, इयत्ता व तुकडी स्वच्छ अक्षरांत लिहावी, आणि ती भिजणार नाही अशा पिशवीत ठेवावी.